हमीदभाऊंची बारात

हमीदभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी विहीर पाहायचे. लग्न असो, बारसं असो, मयत असो. चपला काढण्याआधी घराला एक वळसा घालायचे, विहिरीच्या काठावर ओणवून आत डोकवायचे आणि घरधन्याला विचारायचे, "एप्रिलात किती राह्यते पाणी?" मुलीच्या लग्नात पायाला भिंगरी लागलेल्या एका बापाला त्यांनी हा प्रश्न विचारलेला मी स्वतः ऐकला आहे. आमच्या भाड्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी कौतुकाने नवा नळ दाखवला.

"नळाचं काय सांगता, बाई," ते म्हणाले. "लाइन गेली का नळ मेला. विहीर कुठी आहे?"

विहीर शेजाऱ्यांची होती. ती पाहून आले, उभ्याउभ्या बशीतून चहा प्यायले, बशीत अर्धा तसाच ठेवला आणि गेले. घर त्यांना पसंत पडलं की नाही हे मला कधीच कळलं नाही.

नव्वद साल उलटून एखाददोन वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी नगरकडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या ह्या लहानशा गावात आले होते. चिमूरहून एसटीने दीड तास, मध्ये जंगल. नवरा हायस्कुलात शिकवायचा आणि मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी मिळाली. एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली, एक बोर्ड आणि आम्ही तिघंजण. माझ्या खुर्चीमागे खिडकी होती. खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे हमीदभाऊंचं पंप दुरुस्तीचं दुकान. शेतावरची डिझेल इंजिनं तिथे रांगेत पडलेली असायची, आणि त्यांच्यामधून एक उंच, काटकुळा, पन्नाशीचा माणूस सतत येरझारा घालत असायचा. उजवी भुवई अर्धी जळून गेलेली, ती परत उगवलीच नाही. पायजम्याचा एक पाय नेहमी दुमडलेला. हातात पाना नसला तर त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही.

त्यांची गोष्ट मला बोर्डावर बसल्या बसल्या कळत गेली, कारण आगीचा फोन आधी माझ्याकडे यायचा.

मी यायच्या आधी गुजरीच्या बाजाराजवळच्या घरांना आग लागली होती. चंद्रपूरला फोन केला. बंब निघाला, पण रस्ता जंगलातला, त्यात नाल्यावरचा पूल खचलेला. पोचायला तीन तास लागले. तोवर अकरा घरांची राख झाली होती. बंबावरचा माणूस खाली उतरून म्हणाला, "आग कुठे आहे?"

"आली होती साहेब," हमीदभाऊ म्हणाले. "तुमची वाट पाह्यली अन् गेली."

लोक त्या राखेतही हसले. हमीदभाऊ मात्र त्या दिवसापासून हसण्यावर नेण्यातले राहिले नाहीत. राइस मिलच्या मागे धान उकडायची एक जुनी लोखंडी टाकी गंजत पडली होती, ती मागून आणली. तिला ठिगळं लावली, ट्रॉलीवर बसवली, शेजारी डिझेल पंप जोडला. खरादवाल्याच्या लेथपाशी बसून पाइपासाठी पितळेची तोटी घडवून घेतली. ट्रॅक्टर दादाजींचा. दादाजी हे त्यांचे शेजारी, गावाला लागून धानाची शेती, बोलायला कमी आणि कुरकुरायला भरपूर. ह्या दोघांभोवती आणखी सातआठ जण जमले: एक शिंपी, मिलमधले दोन हमाल, पानठेलेवाला, ग्रामपंचायतीचा शिपाई. कुणाला कुणी नेमलं नव्हतं. दुकानाबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की हातातलं टाकून यायचं, एवढाच नियम.

ट्रॅक्टर धडधडत, टाकी हिंदकळत, माणसं ट्रॉलीला लोंबकळत आणि सगळ्यात पुढे उभे राहून हमीदभाऊ ओरडत निघाले की गावातली बायामाणसं म्हणायची, "निघाली हमीदभाऊची बारात!"

पंप मात्र दर वेळी वेगळा असायचा. कारण तो गिऱ्हाइकाचा असायचा. दुरुस्त होऊन पडलेल्यांपैकी जो चांगला, तो ट्रॉलीवर. एखादा शेतकरी आपलं इंजिन न्यायला यायचा तर दुकान उघडं, मालक नाही, इंजिनही नाही. मी खिडकीतून सांगायची, "तुमचं इंजिन आगीवर गेलंय." संध्याकाळी ते काळंकुट्ट होऊन परत यायचं. शेतकरी कावलेला असायचा. हमीदभाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "ट्रायल घेतली भाऊ. सलग दोन घंटे चाललं. आता दहा वर्षं पाहाची गरज नाई."

फोन आला की मी खिडकीतून हाक मारायची. खरं तर हाक पुरी व्हायच्या आत ते रस्ता ओलांडत असायचे. त्यांचा पहिला प्रश्न कुठे लागली, किती लागली, हा नसायचा. "माणसं किती आहेत घरात?" सुरुवातीला मला उत्तर देता यायचं नाही. मग ते माझ्याकडे असे बघायचे की लाज वाटायची. पुढे मी शिकले. पलीकडून कुणी "आग, आग" ओरडायला लागलं की मी आधी विचारायची, "घरात माणसं किती? चालता न येणारं कुणी आहे का?"

एकदा नऊ किलोमीटरवरच्या गावातून फोन आला. बारात गेली, तर कुठे काही नाही. दोन टवाळ पोरांनी ग्रामपंचायतीच्या फोनवरून गंमत केली होती. ऐन धानाच्या रोवणीचे दिवस, दादाजींचा चिखलणीचा ट्रॅक्टर शेतातल्या बांधीतून काढून आणलेला. ते संतापून लाल झाले. "पुढच्या बारीला खात्री करून घेत जा, नाई तर मी ट्रॅक्टर देणार नाई." हमीदभाऊंनी तिथल्या तीन विहिरी पाहून घेतल्या, मग म्हणाले, "दादाजी, खात्री करासाठी थांबलो अन् ते खरं निघालं, तर?" दादाजींची कुरकुर चालू राहिली, ट्रॅक्टरही येत राहिला.

त्यांच्या बायकोचं नाव जुबेदाबी. ठेंगणी, गोरी, तोंडाने फटकळ. ईदला आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. त्या वर्षी ईद एप्रिलात आली होती, मोहफुलांच्या दिवसांत. मोहाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेली फुलं नीट दिसतात. ती आग कधी कधी हाताबाहेर जाते. आम्ही नुकते बसलो होतो, शिरखुर्म्याच्या वाट्या समोर आल्या होत्या, आणि एक्स्चेंजमधला माझा सहकारी सायकलवरून धापा टाकत आला. वनखात्याच्या ऑफिसातून फोन होता. गोंडांच्या एका टोल्याकडे, जंगलातल्या छोट्या पाड्याकडे, आग सरकत होती. पांढरा नवा कुर्ता घातलेले हमीदभाऊ त्याच पावली उठले.

जुबेदाबी दाराकडे बघत राहिल्या. मग माझ्या वाटीत आणखी एक पळी घालत म्हणाल्या, "ये आदमी घर में बैठता नै, बाई. सिरफ रुकता."

चारच्या सुमाराला ते परतले. कुर्ता काळा, डोळे लाल, पण चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. उभ्यानेच वाटी हातात घेतली आणि सांगू लागले. टोल्यावर पोचले तेव्हा टाकीतलं पाणी दहा मिनिटांत संपलं. मग एका गोंड म्हातारीने त्यांच्या हातात काटक्यांचा झाडू दिला. शब्द तिचे गोंडी, ह्यांना त्यातलं अर्धंच कळलं. ती पुढे होऊन पाचोळा झाडायला लागली. तिच्यामागे टोल्यावरच्या बाया. हातभर रुंद पट्टा, घरांच्या भोवतीने, खालची माती उघडी पडेपर्यंत. आग पट्ट्यापर्यंत आली आणि खायला काही नाही म्हणून बसली.

"आपली बारात आज बिनकामाची होती," ते म्हणाले. "म्हातारीनं झाडून काढली आग. अंगण झाडते तशी." पुढे कुणी त्यांच्या पंपाचं कौतुक केलं की ते ही गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी म्हातारीचं वय थोडं वाढायचं.

नामदेवची गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत. ती मला आधी दादाजींकडून कळली.

जानेवारीतली दुपार. गावापासून सहा किलोमीटरवर एक तीसेक घरांची वस्ती. नामदेव हा तिथला शेतकरी, स्वभावाने शांत, दोन मुली. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून मोठा ढीग करतात, त्याला इकडे पुंजणं म्हणतात. नामदेवची तीन पुंजणी घरांना लागूनच होती. मळणी दोन दिवसांवर आलेली. कुणाच्या बिडीची ठिणगी पडली की चुलीची, माहीत नाही. फोन आला तेव्हा मी विचारलं, "घरात माणसं?" पलीकडचा म्हणाला, "आग पुंजण्याले आहे, पण वारा घराकडं आहे."

बारात पोचली तेव्हा एक पुंजणं पेटलं होतं आणि दुसऱ्याने नुकताच पेट घेतला होता. टाकीत पाणी एकदाचंच. तलाव लांब. हमीदभाऊंनी चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहिला आणि तोटी पुंजण्यांकडे न वळवता घरांकडे वळवली. धानाच्या तणसाने शाकारलेली छपरं भिजवायला सुरुवात केली. पहिल्याच घरात पक्षाघात झालेला एक म्हातारा खाटेवर होता, त्याला बाहेर काढायला चार जण लागले.

नामदेव धावत आला आणि त्याने पाइप ओढला. "माझं धान जळून राह्यलं! तिकडं मार पाणी!"

"घरं जातीन, नामदेवभाऊ!"

"अजून एक पुंजणं वाचते! एक तरी!"

पाइपची ओढाताण झाली. पाणी आभाळात उडायला लागलं. हमीदभाऊंनी नामदेवला ढकललं. तो मातीत पडला. पडल्या पडल्या त्याने आपलं तिसरं पुंजणं पेटताना पाहिलं.

घर एकही गेलं नाही. वस्तीतल्या बायांनी हमीदभाऊंच्या पायावर डोकं ठेवलं, असं दादाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते एक्स्चेंजमध्ये आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. मी घाबरले; मला वाटलं बरं नाही की काय.

"लोक म्हणते तीस घरं वाचली," ते म्हणाले. "मले डोळे मिटले का धानच दिसून राह्यलं, बाई. हा हात पाह्यजा. ह्यानंच त्याले ढकललं."

तेवढ्यात बोर्डावर दिवा लागला, मी कॉल जोडला. वळून पाहिलं तर स्टूल रिकामं.

ते सायकलने त्या वस्तीवर गेले होते. तिथे गेले आणि सवयीने घरांच्या मागून फिरले. बांबूच्या बेटामागे त्यांना एक जुनी विहीर सापडली. कुणी वापरत नव्हतं, वर काटेरी झुडपं आलेली. पण आत पाणी होतं. पुंजण्यांपासून साठ पावलं. त्यांनी ती साठ पावलं तीनदा मोजली. पंपाची नळी विहिरीत सोडली असती तर पाणी संपलंच नसतं. घरंही राहिली असती आणि निदान एक पुंजणंही.

हे फक्त त्यांना ठाऊक होतं. कुणालाच कळलं नसतं. पण ते तसेच नामदेवच्या दारात गेले आणि म्हणाले, "विहीर होती, नामदेवभाऊ. बांबूच्या मागं. मी पाह्यली नाई. चूक माझी आहे."

नामदेवने दार लावून घेतलं.

लोकांच्या विहिरी पाहायचं वेड त्यांना आधीही होतं. आता ते वेड राहिलं नाही, दुखणं झालं. दर रविवारी सायकल काढून एकेक गाव पालथं घालायचे. लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून सोमवारी सकाळी माझ्याकडे यायचे आणि मी जुन्या ट्रंक कॉलच्या रजिस्टरच्या कोऱ्या पाठीवर लिहून घ्यायची. ते खिडकीत उभे राहून सांगत: "पाटलाच्या गोठ्यामागं, पाच पुरुष खोल, मेमध्ये गढूळ पण आटत नाई. मारुतीच्या पारापाशी, काठ फुटका, रात्री सांभाळून. शाळेजवळची, बुजवली, लिहू नका... नाई, लिहा. बुजवली म्हणून लिहा." चार वर्षांत तीन रजिस्टरं भरली. एवढ्या विहिरींच्या काठांवर मी कधी उभी राहिले नाही, पण आजही त्यांतल्या कित्येक मला पाठ आहेत.

नामदेव बाजारात दिसायचा. हमीदभाऊ थांबायचे, तो पुढे जायचा. असं सहा वर्षं.

मध्ये आमचा बोर्ड गेला, आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. फोन आता माझ्या हातून जात नसत. हमीदभाऊंनी दुकानात फोन घेतला, पण तो वाजला की ते आधी माझ्या खिडकीकडे बघायचे. मग दोन हजार सालानंतर गावाला स्वतःचा बंब मिळाला. लाल, चकचकीत. उद्घाटनाला मांडव, हार, भाषणं. हमीदभाऊ मागे उभे होते, मांडवाच्या खांबाला टेकून, टाचा उचलून इंजिन बघत. बंबावर शिकून आलेली तरुण मुलं होती. ती वाईट निघाली असती तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं. पण ती चांगली होती. वेळेवर निघायची, पाणी वाया घालवायची नाहीत. हमीदभाऊंची गरज उरली नाही, आणि त्याचा राग धरायला कुणी माणूसही नव्हता.

तीन रजिस्टरं घेऊन ते स्वतः बंबाच्या शेडवर गेले. तिथल्या प्रमुखाने आदराने घेतली, पानं उलटली, म्हणाला, "अक्षर छान आहे."

"अक्षर बाईचं आहे," हमीदभाऊ म्हणाले. "विहिरी माह्या."

त्यानंतरची दोन वर्षं त्यांच्याकडे बघवत नसे. बंबाची घंटा ऐकली की दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. बंब गेला तरी तिथेच. धूर कुठल्या बाजूला दिसतो ते पाहायचे आणि पुटपुटायचे, "टोल्याकडं... तिकडं डाव्या हातानं गेले पायजे..." बंब परत येईपर्यंत आत जायचे नाहीत. जुबेदाबी भाकरी घेऊन पायरीवर यायच्या आणि डबा त्यांच्या पायाशी ठेवून परत जायच्या.

अशाच एका दुपारी बैलगाडी दुकानासमोर थांबली. नामदेव होता. गाडीत डिझेल इंजिन. त्याने ते उतरवलं, दुकानात ठेवलं आणि गेला. काय बिघडलंय तेही सांगितलं नाही. गावात दुरुस्तीची आणखी दोन दुकानं होती, म्हणजे तो चुकून आला नव्हता. हमीदभाऊंनी दुसरं काम बाजूला ठेवलं. तीन दिवस त्या इंजिनाशी बसले. पिस्टन काढला, घासला, परत बसवला, परत काढला. चौथ्या दिवशी दादाजींच्या ट्रॉलीत घालून स्वतः पोचवायला गेले.

दादाजींनी मला नंतर सांगितलं. नामदेवने इंजिन बांबूच्या मागे न्यायला लावलं. जुनी विहीर उपसलेली होती, काठ नव्याने बांधलेला. इंजिन लावलं, पाणी निघालं. तिघंही पाण्याकडे बघत उभे राहिले. मग नामदेव घराकडे वळला आणि वळताना म्हणाला, "चहा घेऊन जा. बसा."

"बसले?" मी विचारलं.

"बसला ना," दादाजी म्हणाले. "चहा पुरा पेला. दोन घंटे बसला. मलेच शेवटी म्हणा लागलं, चल आता, ट्रॅक्टर उन्हात आहे."

माझी बदली चंद्रपूरला झाली आणि गाव सुटलं. वर्षभराने कळलं की जुबेदाबी गेल्या. मग कळलं की दुकान बंद झालं, हमीदभाऊ चंद्रपुरात मुलीकडे राहायला आले आहेत. मी जाऊन भेटायचं म्हणत होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं. पत्ताही नीट ठाऊक नव्हता.

मे महिन्यातली सकाळ होती, दहाही वाजले नव्हते, तरी ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी ऑटोने ऑफिसला निघाले होते. जटपुरा गेटपाशी, जुन्या कोटाच्या कमानीपाशी, सगळं तुंबलं. ऑटो, स्कूटर, भाजीच्या हातगाड्या, एसटी. मागून ॲम्ब्युलन्सचा आवाज येत होता आणि तिला पुढे सरकायला बोटभर जागा नव्हती. तेवढ्यात पुढे कुणीतरी गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारायला लागलं.

"सरका! ओ भाऊ, गाडी डावीकडं घ्या! एसटीवाले, मागं घ्या, मागं!"

पायजम्याचा एक पाय दुमडलेला. दाढी पूर्ण पांढरी. ते एसटीच्या समोर दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि ड्रायव्हरने खरंच गाडी मागे घेतली. मग हातगाडी स्वतः ढकलली. एका स्कूटरवाल्याला दंडाला धरून बाजूला केलं. फट पडली. ॲम्ब्युलन्स कमानीतून आत शिरली, आणि हमीदभाऊ तिच्यामागे चारसहा पावलं धावले, जसं काही त्यांनाही तिच्यातच चढायचं होतं. मग थांबले.

"पागल म्हातारा आहे," माझा ऑटोवाला म्हणाला. "रोज इथी असते."

मी ऑटोतून अर्धं अंग बाहेर काढून हाक मारली. "हमीदभाऊ!" हॉर्नच्या गलक्यात ती कुठे जाणार? गाड्या पुन्हा हलायला लागल्या होत्या. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, रिकाम्या हातांकडे बघत. मुलीने भाजी आणायला पाठवलं असावं आणि गडबडीत पिशवी त्यांनी कुणाच्या तरी हातात दिली असावी. ती कुणाला दिली ते आता आठवत नव्हतं. माझी ऑटो गेटच्या सावलीत शिरली तेव्हा ते एकेका स्कूटरपाशी जाऊन, एकेका माणसाच्या तोंडाकडे निरखून बघत विचारत होते, "भाऊ, माह्यी पिशवी तुमच्यापाशी आहे का?"